इ. स. २६० : रोमक साम्राज्यातील एक धामधुमीचे वर्ष व त्याची साधने

मराठ्यांच्या दप्तरांतील कागद जमविणाऱ्या आणि जुन्या पोथ्या धुंडाळणाऱ्या वाचकांपुढे रोमक साम्राज्यातील एका वर्षाची हकिकत मांडावी, हे कित्येकांस वाटेबाहेरचे वाटेल. आमचीही प्रथम तीच शंका होती. परंतु ज्या प्रश्नाशी आपण सर्वजण नित्य झगडतो, तो या वर्षाच्या बाबतीत फारच उघड्या स्वरूपात दिसतो. एखाद्या काळाचे सर्वांत विस्तृत वर्णन ज्या ग्रंथात आहे तोच ग्रंथ सर्वांत लबाड निघाला, तर त्या काळाचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा? ते वर्ष म्हणजे इ. स. २६०. ('रोमक' हा शब्द आम्ही बुद्ध्याच योजिला आहे. वराहमिहिराने पञ्चसिद्धान्तिकेत ज्या पाच सिद्धान्तांचा परामर्श घेतला त्यांत एक रोमकसिद्धान्त आहे. आपल्या ज्योतिष्यांच्या ओळखीचा शब्द टाकून नवा घडविण्याचे कारण दिसत नाही.)

या वर्षाशी आमचा संबंध जुना आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. शाळेत इतिहास शिकवीत असता, रोमक बादशहा वालेरियन हा इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला, शापूर घोड्यावर चढताना त्याच्या पाठीवर पाय ठेवी, आणि तो मेल्यावर त्याचे कातडे सोलून, लाल रंगवून देवळात टांगले, ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे रंगवून सांगितली. मुले श्वास रोधून ऐकत. ही गोष्ट कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने लिहिली हे आम्ही तोवर पाहिलेही नव्हते. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मुळाकडे वळलो, आणि ज्यांस शिकविले त्यांची मनोमन क्षमा मागावी लागली.

प्रथम प्रसंगाची रूपरेषा. सन २५३ त वालेरियन गादीवर आला आणि त्याने आपला मुलगा गालिएनस यास बरोबरीचा बादशहा केले. पूर्वेकडे इराणची स्वारी आणि पश्चिमेकडे र्‍हाइन व डॅन्यूब या नद्यांपलीकडील टोळ्या, अशी दोन तोंडे असल्यामुळे बापाने पूर्व व मुलाने पश्चिम सांभाळावी अशी वाटणी झाली. त्यातच महामारीने छावण्या पोखरल्या होत्या. सन २६० त शापूराने हर्रान व एडेसा (तुर्कस्तानातील आजचे उर्फा) या शहरांस वेढे घातले. ते उठविण्यासाठी वालेरियन चालून गेला, आणि तेथेच तो पकडला गेला. परकीय राजाच्या हाती रोमक बादशहा जिवंत पडण्याचा हा पहिलाच प्रसंग.

पकडला गेला तो कसा? येथेच साक्षीदार फुटतात. झोसिमस हा ग्रीक ग्रंथकार म्हणतो की, वालेरियन तहाचे बोलणे करण्यास मोजक्या लोकांनिशी गेला आणि दगा होऊन सापडला. बाराव्या शतकातील झोनारस दोन-तीन हकिकती एकापुढे एक मांडतो. त्यांतील एक अशी की, एडेसाच्या तटाआड उपासमारीने सैन्य बंडावर आले आणि बादशहा त्या भीतीने आपण होऊन शत्रूकडे गेला. हे दोघेही त्या प्रसंगानंतर दोन ते आठ शतकांनी लिहीत होते. त्या काळचा, प्रत्यक्ष एका पक्षाचा असा लेख मात्र नक्श-इ-रुस्तुम येथे, 'काबा-इ-जरतुश्त' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकोनी दगडी इमारतीच्या भिंतींवर, मातीखाली पडून होता. शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात सन १९३६ मध्ये त्याचा पहलवी पाठ, व सन १९३९ मध्ये पार्थियन आणि ग्रीक पाठ उजेडात आले. तीन भाषांतील पाठ एकमेकांशी ताडून पाहता येतात, हे पाठभेदांत रमणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच.

त्या लेखात शापूर स्वतः बोलतो. हर्रान व एडेसा यांच्या पलीकडे मोठी लढाई झाली, सत्तर हजारांचे सैन्य आपल्यावर चालून आले होते, आणि वालेरियनास आपण आपल्या हातांनी धरले, असे तो सांगतो. बादशहाबरोबर त्याचा मुख्य सेनाधिकारी, सिनेटचे सभासद व सरदार यांस धरून पार्स प्रांतात नेल्याचे आणि नंतर छत्तीस शहरे घेतल्याचेही त्यात आहे. विजेत्याच्या प्रशस्तीत दगाफटक्याची कबुली मिळणार नाही हे उघडच, म्हणून 'लढाईत' या शब्दावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही. सत्तर हजार हा आकडाही प्रशस्तीतलाच. परंतु कातड्याचा किंवा पाठीवर पाय देण्याचा त्यात उच्चारही नाही. ज्याने असे केले असते त्याने ते तीन भाषांत कोरून ठेवण्यास संकोच केला नसता! (याच लेखाच्या आरंभी शापूराच्या राज्यात मोडणाऱ्या देशांची यादी आहे. तीत मकुरान, तुराण व पेशावरपर्यंतचा कुशाण मुलूख यांबरोबर 'हिंद'ही येतो. तो सिंधूकाठचा प्रदेश असावा असे विद्वान मानतात. आपल्याकडील अभ्यासकांनी हा लेख वाचण्यास एवढे एक कारणही पुरे आहे.)

मग पाय ठेवण्याची गोष्ट आली कोठून? ती लॅक्टान्शियस या ख्रिस्ती ग्रंथकाराची. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या बादशहांचा शेवट कसा वाईट झाला हे दाखविण्यासाठी त्याने सन ३१४-१५ च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला, आणि वालेरियनाने सन २५७-५८ त असा छळ केला होता. मीमांसकांच्या परिभाषेत हा निन्दार्थवाद होय : त्याचे तात्पर्य निषेधात असते, वस्तुस्थितीच्या कथनात नसते. गंमत अशी की, हा ग्रंथ एकाच हस्तलिखिताच्या बळावर टिकला, व ते सन १६७९ मध्ये बालूझ याने प्रथम छापले. ती एक पोथी वाळवीने खाल्ली असती तर आमच्या वर्गातील मुले एका थरारक कथेस मुकली असती. पोथी टिकली हे आम्ही भाग्यच समजतो. पोथी टिकणे वेगळे आणि तिची साक्ष मान्य करणे वेगळे, एवढेच.

दगडाविषयीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नक्श-इ-रुस्तुमच्या कड्यावर घोड्यावर बसलेला शापूर व त्याच्यापुढे दोन रोमक पुरुष कोरलेले आहेत. एक गुडघे टेकून हात पसरतो आहे, दुसरा उभा असून त्याचा हात राजाने पकडला आहे. गुडघे टेकणारा तो वालेरियन, असे पुष्कळ काळ सर्वजण मानीत, कारण लॅक्टान्शियसने मनावर घातलेली छाया चित्र पाहतानाही सुटत नव्हती. वर सांगितलेला लेख वाचला गेल्यावर सन १९५४ मध्ये मॅकडर्मट याने नवी संगती लावली. 'आपल्या हातांनी धरले' या शब्दांस अनुसरून, ज्याचा हात धरला आहे तोच वालेरियन. गुडघे टेकणारा तो पूर्वी खंडणी देऊन तह करणारा फिलिप. आणि बिशापूरच्या शिल्पांत घोड्याच्या टापांखाली पडलेला तो तरुण बादशहा गॉर्डियन. ही संगती आता बहुतेकांस मान्य आहे. चित्र दोन हजार वर्षे टिकले असते तरी लेखाविना त्याने चुकीचीच साक्ष दिली असती.

बादशहा गेल्यावर पूर्वेकडे काय झाले हे मिसरच्या कागदांवरून कळते. तेथील वाळूत पॅपिरसचे हजारो तुकडे मिळाले आहेत. करारमदार, पावत्या, अर्ज असलेच ते. आपल्या दप्तरांतील हिशेबी कागदांप्रमाणेच त्यांवर कारकुनाने राजाचे नाव व राज्यवर्ष निमूटपणे घातलेले असते. सन २६० च्या ऑगस्ट अखेरपर्यंत वालेरियनाचे नाव चालते, आणि सप्टेंबरापासून मॅक्रियानस व क्विएटस ही दोन नवी नावे येतात. ही दोघे वालेरियनाच्या खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या मॅक्रियानसाची मुले. बाप पायाने अधू असल्यामुळे स्वतः गादीवर बसला नाही. त्याने मुलांस बसविले, व बॅलिस्टा नावाच्या सेनापतीने त्यास हात दिला. पुढील वर्षी थोरला मुलगा बापासह डॅन्यूबकडील प्रांतांत गालिएनसच्या फौजेपुढे पडला, आणि धाकट्याचा निकाल पाल्मायराच्या ओडेनाथसने एमेसा येथे लाविला. शापूराच्या परतणाऱ्या सैन्यास झोडपणारा ओडेनाथस तो हाच. त्याची व त्याच्या राणी झेनोबियेची कथा स्वतंत्र लेखाची आहे, म्हणून येथे सोडतो. कोणत्याही इतिहासकारापेक्षा त्या अनाम कारकुनांनी या वर्षाची तारीख अधिक नेमकी सांगितली आहे, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

डॅन्यूबच्या काठी दोन बंडे झाली. पहिले इंगेनुसचे. ते गालिएनसने मुर्सा (क्रोएशियातील आजचे ओसियेक) येथे मोडले. हे सन २५८ त की २६० त, याविषयी एकमत नाही. इंगेनुसचे एकही अस्सल नाणे आजवर मिळालेले नाही, त्यामुळे हा वाद केवळ ग्रंथांवर चालतो आणि म्हणूनच मिटत नाही. दुसरे बंड रेगालियानसचे, आणि त्याची गोष्ट नाणी जमविणाऱ्यांनी मनावर कोरून ठेवण्यासारखी आहे. व्हिएन्नाजवळ कार्नुन्टम येथे त्याने थोडा काळ बादशाही मिरविली. टांकसाळ नव्हती, चांदीचे कोरे गोलही नव्हते. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची जुनी रुप्याची नाणी घेऊन त्यांवरच ओबडधोबड छाप मारला. छाप तिरका बसे, आणि नव्या चेहऱ्याच्या आडून जुन्या बादशहाची अक्षरे डोकावत राहत. अशीच नाणी एका बाईच्या नावाचीही आहेत. तिचे नाव सुल्पिकिया ड्रिआन्टिला. तिला त्या नाण्यांवर 'ऑगस्टा' म्हटले आहे, त्यावरून ती रेगालियानसची राणी असावी असे समजतात. कोणत्याही ग्रंथकाराने तिचा उल्लेख केलेला नाही. एक बाई काही महिने सम्राज्ञी म्हणविली गेली, तिचे पुढे काय झाले हे कोणास ठाऊक नाही, आणि तिच्या असण्याचा सारा पुरावा म्हणजे ही बिघडलेली, दुहेरी छापाची नाणी!

आमच्या परिचयाचे एक संग्राहक होते. ते आता हयात नाहीत. झिजलेली वा दुहेरी छापाची नाणी ते 'खोटी' म्हणून तांबटाकडे देत, आणि उरलेली चिंच लावून लखलखीत करीत. कार्नुन्टमच्या शेतात नांगरणाऱ्यांनी तसेच केले असते तर ड्रिआन्टिला जगातून नाहीशी झाली असती. या दोषाचे धनी एकटे तेच होते असे नव्हे. वाचकांपैकी ज्यांच्या पेट्यांत अशी नाणी असतील त्यांनी ती एकदा भिंगाखाली पाहावी, ही विनंती.

आता ज्या ग्रंथाविषयी आरंभी बोललो त्याकडे येऊ. 'हिस्टोरिया ऑगस्टा' हा लॅटिन चरित्रसंग्रह डायोक्लीशन व कॉन्स्टन्टाइन यांच्या काळच्या सहा लेखकांनी लिहिला असे तो स्वतःच सांगतो. त्यातील एका भागात गालिएनसच्या काळी बंडे करणाऱ्या तीस जणांची चरित्रे आहेत. तीसच का? कारण अथेन्सच्या इतिहासात तीस जुलमी सत्ताधीश प्रसिद्ध होते आणि ग्रंथकारास तोच आकडा हवा होता. तीस भरेनात, म्हणून त्याने दोन स्त्रिया घेतल्या, आणि स्त्रियांबद्दल लोक हसतील म्हणून इतर काळांतील दोन पुरुष जोडले. मधूनमधून तो राजांची पत्रे देतो, ती वाचण्यास फार गोड आहेत आणि बहुतेक सर्व बनावट. सन १८८९ मध्ये डेसाउ या जर्मन विद्वानाने दाखवून दिले की हे सहा लेखक एकच आहेत व तो एक चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. यावर पुष्कळ वादंग झाला, पण आज हे मत सामान्यतः मान्य आहे. आपल्या कित्येक बखरींतून पदरच्या पत्रांनी व लाखांच्या आकड्यांनी होणारा मोह ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस हा ग्रंथ अगदी ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की, बखरकार पुष्कळदा ऐकीव गोष्ट श्रद्धेने लिहितो, आणि हा गृहस्थ मिशीतल्या मिशीत हसत लिहितो.

या ग्रंथाची मुख्य पोथी नवव्या शतकातील असून व्हॅटिकन ग्रंथालयात आहे. तिच्यात पाने उलटसुलट लागलेल्या मजकुराच्या खुणा दिसतात, आणि सन २४४ पासून पुढील कित्येक वर्षांचा भाग तीत नाहीच. वालेरियनाच्या चरित्राचा आरंभही त्यात गेला. पाने खरोखर गहाळ झाली, की लेखकाने अडचणीची वर्षे टाळून गहाळ झाल्याचा बहाणा केला, असा संशय काही अभ्यासकांनी घेतला आहे. आम्ही स्वतः पहिल्या पक्षाचे आहो. तरी या लेखकाचा स्वभाव पाहता दुसरा पक्ष अशक्य म्हणवत नाही.

आता र्‍हाइनकाठ. कोलोन येथे गालिएनसचा अल्पवयीन मुलगा सालोनिनस यास सिल्व्हानस नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेविले होते. पोस्टुमस या सेनापतीने लूट घेऊन परतणारी एक टोळी गाठली आणि ती लूट शिपायांत वाटली. सिल्व्हानसने ती मागितली. शिपाई बिथरले, कोलोनास वेढा पडला, आणि सालोनिनस व सिल्व्हानस दोघेही मारले गेले. वेढा चालू असता मुलास घाईने 'ऑगस्टस' म्हणजे पूर्ण बादशहा म्हणून जाहीर केले होते. हे ग्रंथांतून नव्हे, तेथे पाडलेल्या थोड्या नाण्यांवरून कळते. ज्या वर्षी गालिएनसचा बाप गेला त्याच वर्षी मुलगाही गेला. दुसरा मुलगा दोनेक वर्षे आधीच वारला होता. गॉल, ब्रिटन व स्पेन पोस्टुमसच्या हाती गेले, व ते वेगळे राज्य सन २७४ पर्यंत टिकले. खुद्द पोस्टुमस सन २६९ त आपल्याच शिपायांकडून मेला, कारण त्याने माइन्झ शहर लुटू दिले नाही.

ही सारी घटना सन २५८ ची, २५९ ची की २६० ची, याचा वाद दीर्घकाळ चालला. त्याचा निकाल बव्हंशी एका दगडाने लाविला. सन १९९२ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरी एक विजयवेदी सापडली. दगड मूळचा दुसऱ्याच लेखाचा, तो तासून पुन्हा वापरलेला. त्यावरील मजकुराचा आशय असा : सेम्नोन अथवा युथुंग या टोळीच्या लोकांस एप्रिलच्या २४ व २५ तारखांस कापून व हाकून दिले, आणि कित्येक हजार इटालियन बंदिवान सोडविले. लढणारे म्हणजे रेशिया प्रांताचे शिपाई, जर्मनीकडील शिपाई, आणि त्या मुलखातील नागरिकांचा जमाव. वेदी उभारणारा मार्कस सिम्प्लिकिनियस जेनियालिस हा सुभेदार नव्हे, सुभेदाराच्या जागी काम पाहणारा, आपल्या भाषेत मुतालिक. वेदी अर्पण केली ती ११ सप्टेंबर रोजी, पोस्टुमस बादशहा व होनोरातियानस हे कॉन्सल असता. रोमक लेखांत वर्ष आकड्याने येत नाही, कॉन्सलांच्या नावाने येते. सुहूर सनाचा इसवी सन करताना आपण जे कष्ट घेतो तेच येथेही पडतात. हिशेबांती बहुतेक अभ्यासकांनी हे वर्ष २६० ठरविले आहे. २६१ म्हणणारे थोडे आहेत.

या एका दगडाने किती गाठी सुटतात पाहा. बंदिवान इटलीचे होते, म्हणजे टोळ्यांनी आल्प्स ओलांडून खुद्द इटली लुटली, हे ठरले. (झोनारस म्हणतो की गालिएनसने मिलानजवळ दहा हजारांनिशी तीन लाखांचा पराभव केला. पानिपतच्या बखरी वाचणाऱ्यांस या तीन लाखांचे काय करावे हे सांगणे नको.) दुसरे असे की, वर्ष २६० धरल्यास टोळी एप्रिलातच लूट घेऊन परतत होती, म्हणजे ती निघाली असेल निदान आदल्या वर्षी. वालेरियन पकडला गेला तो मिसरच्या कागदांवरून पाहता बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा 'बादशहा पकडला गेला, ही बातमी फुटली आणि म्हणून सरहद्दी कोसळल्या' अशी जी साखळी आम्हीही फळ्यावर लिहून देत असू, तिचा क्रमच उलटतो. कारण शोधावयाचे तर शापूराच्या लेखाकडे परत गेले पाहिजे. वालेरियनाच्या सैन्यात कोठकोठले लोक होते याची यादी त्याने दिली आहे, आणि तिच्या अगदी आरंभी जर्मनी व रेशिया हीच नावे आहेत. एडेसाच्या रणात जे उभे होते ते र्‍हाइन-डॅन्यूबच्या चौक्या रिकाम्या करून नेलेले लोक होते. आउग्सबुर्गला लढाईस नागरिकांचा जमाव का उभा करावा लागला आणि सुभेदाराच्या जागी मुतालिक का, हेही त्यावरून पुष्कळ उमगते. एकमेकांपासून हजारो मैलांवरचे हे दोन दगड. एक विजेत्या शत्रूचा, एक सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याचा. ते शेजारी ठेवल्यावाचून या वर्षाचा अर्थ लागत नाही, असे आमचे मत आहे.

जेनियालिसची मात्र आम्हांस कीव येते. एप्रिलात तो लढला तेव्हा वरचा धनी बहुधा गालिएनसच होता. सप्टेंबरात त्याने दगडावर घातले नाव पोस्टुमसचे. ज्याचा मुलगा कोलोनास मारला गेला त्या बापाला हे विसरता येणे शक्य नव्हते. पुढे कोणी तरी टाकी घेऊन वेदीवरील पोस्टुमसचे व जेनियालिसचे नाव खरवडले. रेशिया पुन्हा गालिएनसकडे आल्यावर हे झाले असावे. खरवडलेल्या रेघांतूनही अक्षरे वाचता येतात, ती टाकी चालविणाऱ्याच्या आळसामुळे.

गालिएनसविषयी लॅटिन ग्रंथकार एकसुराने वाईट बोलतात. हिस्टोरिया ऑगस्टा तर बापाच्या कैदेने त्यास आनंद झाला असे सुचविते. त्याने सिनेटच्या सभासदांकडून फौजेची सरदारी काढून घेतली, आणि हे ग्रंथ सिनेटच्या पक्षाची परंपरा चालविणारे, हे लक्षात ठेवले की या निंदेची किंमत कळते. त्याच्या अखेरच्या वर्षांत रुप्याच्या म्हणविणाऱ्या नाण्यात चांदी शेकडा पाचांहूनही कमी राहिली हे खरे. पण चोहोंकडून तुटलेले राज्य तो सन २६८ पर्यंत सांभाळून होता हेही तितकेच खरे. बापाने सुरू केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ त्याने थांबविला, आणि त्यासंबंधीच्या त्याच्या एका पत्राची ग्रीक नक्कल युसेबियसने आपल्या ग्रंथात राखली आहे. ते पत्र बनावट नाही.

त्या काळात प्रत्यक्ष जगलेला, लढलेला व लिहिणारा इतिहासकार एकच होता, तो अथेन्सचा डेक्सिप्पस. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. इतरांनी घेतलेले उतारे तेवढे उरले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका ग्रीक पोथीत काही पाने अशी आढळली की, मूळची अक्षरे खरवडून त्यांवर दुसराच मजकूर लिहिलेला होता. निरनिराळ्या प्रकाशांत छायाचित्रे घेऊन खालची अक्षरे वर आणली, तो ती डेक्सिप्पसच्याच ग्रंथाची असावीत असे दिसले. सन २०१४ च्या सुमारास ती छापली गेली. त्यांत गॉथ लोक थेसालोनिकेवर चालून येतात व ग्रीक लोक थर्मोपिलीच्या खिंडीत त्यांस अडवावयास जमतात असे वर्णन आहे. ही स्वारी सन २५४ च्या सुमाराची की २६२ ची, हा वाद अद्याप चालू आहे. आम्ही तूर्त दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. कारणे पुढील अंकी सवडीने देऊ.